सातवा मजला, वरीलप्रमाणे

ताई: म्हणजे मजला नाही, पण माझा भाऊ त्या मजल्यावर आहे.

इंजिनिअर: मजला नाही असं मी म्हणालो नाही. मजला दिसत नाही, एवढंच म्हणालो.

ताई: साहेब, समोरचं शिलाईचं दुकान माझं. बावीस वर्षं तुमच्या या इमारतीकडे तोंड करून मशीन मारतेय. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग गच्ची. मग कावळे.

इंजिनिअर: तुम्ही मोजलेत. हीच तर अडचण आहे, ताई. मोजायला आता मनाई आहे.

ताई: कोणाची मनाई?

इंजिनिअर: वरच्या कोर्टाची. अपिलाचा निकाल आहे, एकशे बारा पानी. हा बघा. नका बघू, बारीक अक्षर आहे.

ताई: मला पहिल्यापासून सांगा. आणि कापड फाडल्यासारखं सरळ सांगा, उगीच कळ्या-चुण्या नकोत.

इंजिनिअर: सांगतो. ठेकेदार म्हणाला, मी सात मजले बांधले. खातं म्हणालं, सहा. तंटा कोर्टात गेला. खालच्या कोर्टानं एक माणूस पाठवला. त्यानं रस्त्यात उभं राहून बोटानं मोजले. सहा भरले. ठेकेदार हरला.

ताई: हरणारच. मग?

इंजिनिअर: मग ठेकेदार अपिलात गेला. अपिलाच्या कोर्टानं एकच विचारलं, मोजमाप पुस्तकात काय लिहिलंय? पुस्तकात सात. खाली खात्याची सही, शेजारी ठेकेदाराची सही. संपलं. निकाल असा, की सरकारी कामात दोघांच्या सहीचं मोजमाप पुस्तक हा अखेरचा पुरावा. सह्या झाल्यावर जागेवर जाऊन बघणं, मोजणं, बोट दाखवणं, सगळं गैरलागू. त्या बोटवाल्या माणसावर तर ताशेरे आहेत. 'डोळ्यांवर विसंबून राहण्याची गंभीर चूक' असे शब्द आहेत, पान सत्याऐंशी.

ताई: आणि पुस्तकात सात कोणी लिहिले?

इंजिनिअर: चहा मागवू का?

ताई: कोणी लिहिले?

इंजिनिअर: मी.

ताई: वा.

इंजिनिअर: ताई, नियम आहे. मोजमाप पुस्तकात रिकामी ओळ सोडायची नाही. सोडली की मागाहून कोणीतरी काहीतरी घुसडतं. पानावर ओळी होत्या सात आणि मजले सहा. सातव्या ओळीवर तिरकी रेघ मारायची, एवढंच करायचं होतं. पण पहिल्या मजल्याची मापं लिहिली आणि दुसऱ्यापासून 'वरीलप्रमाणे'. तिसरा, वरीलप्रमाणे. चौथा, वरीलप्रमाणे. हाताला वळण पडलं. हात थांबलाच नाही.

ताई: कोणी घुसडू नये म्हणून तुम्हीच मजला घुसडलात.

इंजिनिअर: तसं थोडक्यात म्हणता येईल.

ताई: माझ्या दुकानात मुली शिकायला येतात ना, त्यांना पहिल्या दिवशी सांगते. गिऱ्हाईक दहा वर्षांचं जुनं असलं तरी वहीत 'मागच्याप्रमाणे' लिहायचं नाही. माणूस मागच्याप्रमाणे कधी नसतो. टेप घ्यायची, अंगाला लावायची.

इंजिनिअर: तुमच्या वहीवर अपील होत नाही म्हणून बरं चाललंय. आमचा निकाल आता सगळ्या खात्यांना लागू झालाय. एका नदीवरचा पूल चुकून दोन पानांवर दोनदा नोंदला होता. आता लोक पूल ओलांडतात तर पुढे पुन्हा तोच पूल. तो ओलांडला की मग गाव. आता सगळेच अर्धा तास आधी निघतात. कुरकुर नाही कोणाची.

ताई: आणि हे तुम्ही मला गंमत म्हणून सांगताय?

इंजिनिअर: एका शाळेच्या विहिरीची खोली लिहायची राहून गेली होती. मागच्या सोमवारी बादली सोडली. ती अजून खाली चाललीय. दोर पुरवायला शिपाई नेमलाय.

ताई: मला विहिरीचं काही सांगू नका. माझ्या धाकट्याला तिथे का पाठवलंत?

इंजिनिअर: निकालानंतर खात्याला मजल्याचा ताबा घ्यावा लागला. ताबा घेतला की मजल्यावर जबाबदार माणूस हवा. मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली, सगळ्यांना विचारलं, कोणाला काही शंका? सगळ्यांनी मान खाली घातली. तुमच्या भावानं हात वर केला.

ताई: गाढव. लहानपणापासून गाढव. काय विचारलं?

इंजिनिअर: 'तिथे जायचं कसं?'

ताई: मग?

इंजिनिअर: साहेब म्हणाले, तुम्हीच जा आणि कळवा. तिथल्या तिथे बदलीचा हुकूम. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो लिफ्टमध्ये शिरला, ताबा त्या दिवसापासूनचा. आज महिना होईल.

लिफ्टमामा: एकोणतीस दिवस झाले. आज तिसावा.

ताई: आलात? बसा मामा. तुमचीच वाट बघत होते. यांच्यासमोर सांगा, त्या दिवशी काय झालं ते.

लिफ्टमामा: मी बसत नाही. लिफ्ट उघडी टाकून आलोय. काय सांगायचं त्यात? सहाव्यापर्यंत बटणं आहेत. सहावा आला, दार उघडलं. दादा उतरले नाहीत. हातात हुकूम. मी म्हटलं, उतरा. ते म्हणाले, मामा, माझं अजून एक आहे.

ताई: आणि?

लिफ्टमामा: मी भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा वळलो तर दादा नव्हते. दार बंद होतं. लिफ्ट सहाव्यावरच होती, पण खाली यायला वेळ सात मजल्यांचा लागला.

इंजिनिअर: तुम्ही भिंतीकडे तोंड का केलंत?

लिफ्टमामा: साहेब, चौतीस वर्षं लिफ्ट चालवतोय. कधी कुठे बघायचं नाही ते अंगाला कळतं.

ताई: रोज डबा यांच्या हाती देते. लिफ्टच्या कोपऱ्यात ठेवतात. पाच वाजता रिकामा डबा त्याच कोपऱ्यात परत.

लिफ्टमामा: हजेरीपटही तसाच येतो. सही केलेला.

इंजिनिअर: हजेरी शंभर टक्के आहे. खात्यात अशी कोणाचीच नाही.

ताई: डबा रिकामा म्हणजे वांगं सोडून रिकामा. वांग्याच्या फोडी बाजूला काढून झाकणात ठेवलेल्या. तीन वर्षांचा होता तेव्हापासून हेच. मुद्दाम घालते मी. झाकण उघडलं, फोडी दिसल्या, की कळतं आमचाच आहे, जिवंत आहे आणि अजून तेवढाच हट्टी आहे.

इंजिनिअर: चिठ्ठी वगैरे?

ताई: एकदाच आली, पहिल्या आठवड्यात. ही बघा. वाचा मोठ्यानं, मला वाचवत नाही.

इंजिनिअर: 'ताई, काळजी करू नकोस. इथे सगळं सहाव्यासारखंच आहे. पाण्याचा पिंप तिथेच, मोडकी खुर्ची तिथेच. माणसंही तीच आहेत, फक्त कोणी माझ्याकडे बघत नाही. खिडकीतून तुझं दुकान दिसतं. मशीन दिसतं. चालू असतं. मशीनवर कोणी नसतं.'

लिफ्टमामा: मी चाललो. लिफ्ट.

ताई: थांबा हो मामा. घड्याळ बघा, किती झाले?

लिफ्टमामा: चार बत्तीस.

ताई: साहेब, तुम्ही मला खुळी समजत असाल. मग सांगा. तुमच्या इमारतीची सावली दुपारनंतर माझ्या दुकानाकडे सरकते. बावीस वर्षं या दिवसांत माझ्या मशीनवरचं ऊन सव्वापाचला जातं. काजं-बटणं मी त्या उन्हातच करते. तुमचा निकाल लागल्यापासून ऊन पाच वाजायच्या आतच जातं. सावलीला एक मजला जास्त आहे.

इंजिनिअर: ऋतू बदलतो...

ताई: ऋतू मला शिकवू नका. आणि चार चाळीसच्या सुमारास सावलीची वरची कड माझ्या बेतायच्या टेबलावर येते. त्या कडेवर एक माणूस उभा असतो. गच्चीवर यावं तसा. हात हलवतो.

लिफ्टमामा: गच्चीची किल्ली माझ्याकडे असते. गच्चीवर कोणी नसतं. तीनदा बघून आलोय.

इंजिनिअर: सावलीवरून माणूस कसा ओळखणार, ताई?

ताई: डाव्या हातानं हलवतो. डावा हात उजव्यापेक्षा एक इंच आखूड आहे त्याचा. दीड वर्षाचा असताना माझ्या कडेवरून पडला. मी आठ वर्षांची. हात नीट बसला नाही. जन्मभर त्याची डावी बाही मी एक इंच कमी कापतेय आणि प्रत्येक वेळी कातरी जड होते. तो मात्र मुद्दाम तोच हात हलवतो, मला चिडवायला. 'ताई, बघ गं, तू केलेला हात!' आता सांगा, ओळखेन की नाही?

इंजिनिअर: ओळखाल.

ताई: मग आता तुम्ही सांगा. हे मामा मघाशी म्हणाले, आज तिसावा. तेव्हा तुमचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा का झाला?

इंजिनिअर: निकालात एक फट आहे. पान एकशे नऊ. ताबा घेतल्यापासून तीस दिवसांच्या आत, ज्यानं नोंद केली त्यानंच, लाल शाईनं रेघ मारून सही केली, तर नोंद रद्द.

ताई: म्हणजे मजला जाईल?

इंजिनिअर: जाईल.

ताई: आणि आज पाचनंतर?

इंजिनिअर: मग कायम. मजलाही आणि त्याची नेमणूकही. कायम म्हणजे, ताई, या खात्यात कायम शब्दाचा अर्थ फार गंभीर आहे.

ताई: तीस दिवस तुमच्याकडे लाल पेन नव्हतं?

इंजिनिअर: आहे. हे खणात. रोज टोपण काढतो. पण रेघ मारली की मजला जाईल, आणि मजल्यावर जे काही आहे...

ताई: बोला.

इंजिनिअर: निकालात त्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही. त्यासाठी बहुधा पुन्हा अपिलात जावं लागेल.

ताई: मग आधी त्याला खाली बोलवा आणि नंतर रेघ मारा. एवढं साधं.

इंजिनिअर: चार्ज दिल्याशिवाय तो मजला सोडू शकत नाही. चार्ज घ्यायला दुसरा माणूस वर जायला हवा. मी सगळ्यांना विचारलं. एकाला पाठदुखी, एकाचं लग्न, एकानं राजीनामा दिला.

ताई: आणि तुम्ही?

इंजिनिअर: मला मुलगी आहे, सात महिन्यांची.

ताई: मला वाटलंच तुम्हाला कोणीतरी असेल. मामा?

लिफ्टमामा: मी गेलो तर लिफ्ट कोण चालवणार? आम्ही दोघंही वर अडकू.

ताई: बरं. मला एक सांगा साहेब. निकाल काय म्हणतो? पुस्तकात लिहिलं, दोघांनी सही केली, की ते खरं. कोणी जाऊन बघायचं नाही.

इंजिनिअर: हो.

ताई: मग लिहा, की माझा धाकटा खाली आला. तळमजल्यावर, या खोलीत. देणारे तुम्ही, घेणारी मी. दोघं सही करू.

इंजिनिअर: ताई, हे मोजमाप पुस्तक आहे. यात माणसं लिहीत नाहीत.

ताई: नसलेले मजले लिहिता ते चालतं?

लिफ्टमामा: साहेब, बाईंचं म्हणणं कोर्टात टिकेल.

इंजिनिअर: पण... खरंच, पान सत्याऐंशीत 'कोणतीही वस्तू वा काम' असं आहे. माणूस वस्तूत बसवता येईल. सरकारी नोकर तर सहज बसेल. पण ताई, मापं लागतील. नुसतं 'माणूस एक' लिहिलं तर नोंद अपुरी. अपुऱ्या नोंदीचं काय होतं ते तुम्हाला विहिरीचं सांगितलं मी.

ताई: मापंच ना? त्याची मापं मला झोपेत विचारा. काढा पुस्तक. मामा, किती झाले?

लिफ्टमामा: चार एक्केचाळीस. बाई, तुमच्या दुकानाकडे बघा.

इंजिनिअर: काय आहे तिकडे?

ताई: खिडकी उघडा आणि बघा. सावली टेबलावर चढलीय. ती कड. आणि कडेवर...

इंजिनिअर: आई शप्पथ.

ताई: मोजू नका, नुसतं बघा.

इंजिनिअर: हात हलवतोय.

ताई: कोणता?

इंजिनिअर: डावा. ताई, लिहितो मी. सांगा लवकर. हे पुढचं पान, एका मापाला एक ओळ. तपशील: 'इसम, वरिष्ठ लिपिक, सातव्या मजल्यावरून तळमजल्यावर परत.' नग एक. पुढे?

ताई: उंची पाच फूट सहा.

इंजिनिअर: मीटरमध्ये.

ताई: मी माझ्या भावाला मीटरमध्ये वाढवलेलं नाही.

इंजिनिअर: एक पूर्णांक अडुसष्ट. पुढे.

ताई: खांदा साडेसतरा इंच. छाती अडतीस. पोट... लिहा सदतीस, महिनाभर डब्याला मी तूप जास्त घालतेय. मान पंधरा. उजव्या कानामागे तीळ.

इंजिनिअर: तिळाचा रकाना नाही. शेऱ्यात टाकतो.

ताई: समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलाय. हसला की आधी तोच दिसतो. हसणं लिहा.

इंजिनिअर: हसणं कोणत्या एककात?

ताई: लिहा हो! आणि मला ताई म्हणतो. तेही लिहा.

इंजिनिअर: 'घेणारीस ताई म्हणतो.' झालं. हात?

ताई: उजवा हात, खांद्यापासून मनगटापर्यंत, चोवीस इंच.

इंजिनिअर: शून्य पूर्णांक एकसष्ट.

ताई: आणि डावा...

लिफ्टमामा: मोठे साहेब निघाले! जिन्यानं येतायत. पुस्तक बघितलं तर कपाटात बंद करतील.

इंजिनिअर: डावा हात, हां, लिहिला. सही करा, ताई. इथे, 'घेणार' खाली. पटकन.

ताई: ही केली.

इंजिनिअर: ही माझी. तारीख. वेळ, चार एकोणपन्नास. झालं.

लिफ्टमामा: गेले साहेब. दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

ताई: आता?

इंजिनिअर: आता काही नाही. नोंद झाली. कायद्यानं तो इथे आहे.

ताई: मला तर दिसत नाहीये.

इंजिनिअर: डोळ्यांवर विसंबून...

ताई: एक ठेवून देईन हं, साहेब.

(लिफ्टची घंटा वाजते. तिघंही दाराकडे बघतात. लिफ्ट चालवणारा या खोलीत उभा आहे.)

लिफ्टमामा: मी इथे आहे.

इंजिनिअर: हो.

लिफ्टमामा: एवढंच सांगायचं होतं.

धाकटा: ताई? तू इथे कशी? दुकान उघडं टाकून आलीस?

ताई: धाकट्या! अरे मेल्या! ये इकडे. थांब, बघू दे तुला. वाळलास. नाही, वाळला नाहीस. कान दाखव. तीळ आहे. हस बघू.

धाकटा: काय हे ताई, सगळ्यांसमोर.

ताई: हस म्हटलं ना!

धाकटा: हे घे.

ताई: चढलेला दात. हाच. साहेब, हाच! मामा, बघा हो, आला!

लिफ्टमामा: दिसतोय.

इंजिनिअर: कसं होतं वर?

धाकटा: वर कुठे?

इंजिनिअर: सातव्यावर.

धाकटा: सहाव्यासारखंच. मला नीट आठवत नाही. आत्ता लिफ्टचं दार उघडलं, तिथपासूनचं सगळं आठवतंय.

ताई: नको आठवूस. बरं झालं. हे बघ, नवा शर्ट शिवलाय तुझा. आज मिळालास तर घालायचाच म्हणून पिशवीत घेऊन आले. तो मळका काढ. घाल हा. साहेब, तुम्ही काय बघताय, लाल पेन काढा ना. किती वाजले?

लिफ्टमामा: चार चौपन्न.

इंजिनिअर: पेन काढलं. सातवा मजला, ही ओळ. मारू रेघ?

ताई: मारा. बटणं लावते याची, तोवर मारा.

धाकटा: ताई, खांदा मस्त बसलाय. कॉलरही. पण डावी बाही आखूड झालीय गं. बघ, मनगट उघडं पडतंय. उसवून थोडी सोड ना.

ताई: काय म्हणालास?

धाकटा: डावी बाही. उजवी बरोबर आहे. घाईत कापलीस का?

ताई: हात पुढे कर. दोन्ही. जोडून धर. साहेब, थांबा. रेघ मारू नका.

इंजिनिअर: टोक टेकवलंय मी.

ताई: उचला ते. माझी टेप कुठे... उजवा चोवीस.

धाकटा: ताई, आता पुन्हा माप कशाला?

ताई: डावा चोवीस. साहेब, डाव्या हाताला तुम्ही काय लिहिलंत?

इंजिनिअर: घाई होती, ताई. मोठे साहेब जिन्यात होते.

ताई: काय लिहिलंत?

इंजिनिअर: वरीलप्रमाणे.

ताई: मी न वाचता सही केली.

इंजिनिअर: ताई, एक इंचाचाच फरक आहे. कदाचित... वरच्या हवेनं बरा झाला असेल. बाकी सगळा तोच आहे. तीळ, दात. तुम्हाला ताई म्हणतो.

ताई: खिडकीतून बघा. सावली.

इंजिनिअर: दुकानाच्या छपरापलीकडे गेली. कड आता दिसत नाही. वर कोणी आहे की नाही, सांगता येणार नाही. चार सत्तावन्न झालेत. आत्ता रेघ मारली नाही तर तो मजला जन्मभर तुमच्या उन्हात उभा राहील. आणि मारली तर...

ताई: मारली तर काय, ते मला ठाऊक आहे.

धाकटा: कसली रेघ? ताई, घरी जाऊया ना. भूक लागलीय.

लिफ्टमामा: बाई.

ताई: काय मामा?

लिफ्टमामा: लिफ्ट बघून आलो. डबा आलाय. लिफ्टच्या कोपऱ्यात होता, रोजच्यासारखा. आत्ताच. झाकण कोमट आहे.

इंजिनिअर: उघडा.

ताई: तुम्ही उघडा.

इंजिनिअर: माझ्या हातात पेन आहे.

लिफ्टमामा: मी उघडतो. पोळ्या संपल्या. भात संपला. आमटी पुसून घेतलीय. आणि हे...

ताई: हं?

लिफ्टमामा: झाकणात वांग्याच्या फोडी आहेत. पाच. ओळीत लावलेल्या.

ताई: टोपण लावा, साहेब.

इंजिनिअर: ताई, अजून एक मिनिट आहे. नीट विचार...

ताई: टोपण लावा त्या पेनाला. पुस्तक मिटा.

लिफ्टमामा: पाच वाजले.

इंजिनिअर: मिटलं.

ताई: मामा, उद्याचा डबा नेहमीच्या वेळेला आणून देते. रोज न्यायचा. मी आहे तोवर.

लिफ्टमामा: बरं.

धाकटा: कोणाचा डबा, ताई? मी तर इथे आहे.

ताई: तू आहेसच. ये, बस असा माझ्याजवळ. वांगं खातोस?

धाकटा: खातो की. का गं?

ताई: काही नाही. घे, हे संपव.